न आलेल्या बसचा हिशेब

१ जून २०२५ पासून पुण्याच्या पीएमपी बसचा प्रवास महागला. सर्वसाधारण मासिक पास ९०० रुपयांवरून थेट १५०० रुपयांवर गेला, दिवसाचा पास ७० रुपयांचा झाला आणि तिकिटांचे टप्पे नव्याने आखले गेले. निदर्शनं झाली, निवेदनं दिली गेली, पुणेकरांनी आपल्या लौकिकाला जागून दरांचा कीस काढला. विद्यार्थ्यांचा ७५० रुपयांचा मासिक पास जुन्याच दरात राहिला, म्हणून पालकांना जरा हायसं वाटलं. तिकीट किती, या प्रश्नावर एवढं बोलणं झालं. बस येते का, या प्रश्नावर त्याच्या पावपटही झालं नाही.

खरं तर रोजच्या प्रवाशाचं पोट त्याच प्रश्नाने दुखतं. वेळापत्रकात आहे पण थांब्यावर येत नाही, अशा बसची कुठे नोंद लागत नाही. तिकीट फाटत नाही, त्यामुळे ती तोट्यातही दिसत नाही. तिची किंमत भलतीच माणसं चुकवतात, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शाळेत जाणाऱ्या मुलांचा असतो.

पुण्यातले बसमार्ग ढोबळमानाने दोन प्रकारचे. कात्रज ते शिवाजीनगर किंवा निगडी ते महापालिका भवन अशा मोठ्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ असते. एक चुकली तर दुसरी येते. दुसरा प्रकार आहे उपनगराच्या टोकाकडून निघून आतल्या सोसायट्या, वाड्या, शाळा-कॉलेजं करत शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मार्गांचा. इथे अर्ध्या-पाऊण तासाने एक गाडी. सोमवार ते शनिवार ती विद्यार्थ्यांनी, घरकामाला निघालेल्या बायकांनी, दुकानांतल्या पोरांनी भरलेली असते. रविवारी तिच्यातली गर्दी ओसरते. पुढाऱ्यांच्या भाषणांत मेट्रो असते, उड्डाणपूल असतात. या दुसऱ्या प्रकारच्या बसचं नाव कोणी घेत नाही.

गेल्या काही वर्षांत याच मार्गांवरचा भार वाढला आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे अशा ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या आणि पेठांतल्या वाड्यांतून, चाळींतून निघालेली कुटुंबं तिकडे राहायला गेली. नव्या वस्तीत इंग्रजी शाळा भराभर निघाल्या, पण जुन्या संस्थांची ओढ काही कमी झाली नाही. न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालचं, हुजूरपागा १८८४ सालची, फर्ग्युसन १८८५ सालचं. आई ज्या शाळेत शिकली तिथेच मुलीने जावं, ही इच्छा पुण्यात अजूनही जिवंत आहे. घर सरकलं दहा-बारा किलोमीटर लांब, शाळा राहिली पेठेत. या दोहोंना जोडायला एक बस आहे, आणि सगळी भिस्त तिच्यावर.

दुपारी बाराच्या सुमारास टिळक रस्त्यावरच्या कुठल्याही थांब्यावर उभं राहिलं तर हे चित्र दिसतं. सकाळचं अधिवेशन सुटलेली मुलं परतीच्या गाडीची वाट बघत असतात आणि समोरच्या बाजूला दुपारच्या अधिवेशनाची मुलं उतरत असतात. मोठी मुलं लांबूनच पाटीवरचा आकडा वाचतात. आपली गाडी असेल तर लहानांना पुढे ढकलतात. वाहक दारातूनच ओरडतो, 'दप्तरं पाठीवरनं काढा, आत सरका!' पाठीवरचं दप्तर पोटाशी येतं, पाण्याची बाटली कोणाच्या तरी कोपराखाली अडकते, बेल दोनदा वाजते आणि गाडी हलते. कोणी बसल्या जागी उरलेला गृहपाठ पुरा करतं. म्हाताऱ्या आजींना जागा द्यायची की नाही यावर डोळ्यांनीच खल होतो. दहा वर्षांचं पोरगं शहरात एकट्याने वावरायला शिकतं ते इथे, या गाडीत.

हिशेबाच्या नजरेनेही ही वेळ फायद्याची आहे. कार्यालयांच्या गर्दीत गाडी सकाळी शहराकडे भरून येते आणि उलट्या दिशेला रिकामी पळते; संध्याकाळी त्याच्या उलट. दुपारी बारा ते दीडमध्ये शाळांच्या मार्गावर ती दोन्ही बाजूंनी भरलेली असते. गंमत अशी, की वेळापत्रक आखणाऱ्याच्या दृष्टीने ही 'कमी गर्दीची' वेळ. पहाटे बाहेर पडलेल्या चालक-वाहकांची पाळी साधारण याच सुमारास संपते, गाड्या आगाराकडे वळतात, दुसरी पाळी चढायला वेळ लागतो. नेमकी शाळा सुटायच्या-भरायच्या वेळेला गाडी मिळत नाही, त्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. त्या वेळेकडे शाळेची वेळ म्हणून कोणी पाहिलेलंच नसतं.

एक फेरी रद्द झाली म्हणजे नेमकं काय होतं, ते कागदावर मांडून बघावं. समजा, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला, चहापाण्याच्या विश्रांतीसह दोन तास लागतात आणि मार्गावर चार गाड्या आहेत. म्हणजे दर अर्ध्या तासाला एक. त्यातली एक गाडी सकाळी आगारातून निघालीच नाही. कागदोपत्री सेवा २५ टक्क्यांनी घटली. थांब्यावर मात्र अर्ध्या तासाचं अंतर तासाचं झालं. साडेअकराची बस धरून साडेबाराच्या शाळेला निघालेल्या मुलीला बाराची बस मिळते. ती शाळेत पोचते तेव्हा प्रार्थना झालेली असते आणि पहिला तास निम्मा संपलेला असतो. शिवाय बाराच्या बसमध्ये दोन बसची माणसं. प्रत्येक थांब्यावर चढायला-उतरायला दुप्पट वेळ, म्हणून ती आणखी उशिरा धावते, पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी जमते. मागून येणारी साडेबाराची बस रिकामी असल्याने भरधाव येऊन हिला गाठते. 'तासभर एक नाही, आणि मग दोन एकदम' हा पुणेकरांचा जुना विनोद म्हणजे बससेवेचं साधं गणित आहे.

एकदा असं झालं तर पालक समजून घेतात. आठवड्यातून दोनदा झालं तर ते वेगळी व्यवस्था बघतात. इथून पुढे खर्च पीएमपीच्या वहीतून निघून घराच्या वहीत जातो. कोणी व्हॅन लावतं. कोणी बाबा कामावर जाता जाता वाट वाकडी करून मुलाला सोडतात. आणि दहावी झाली रे झाली की घरात दुचाकी येते. २०१८ साली पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेली, तेव्हा सगळ्यांनी आश्चर्य व्यक्त केलं. त्यातल्या कितीतरी गाड्या हौसेच्या नाहीत, न आलेल्या बसच्या आहेत.

कायदा याबाबत कडक आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तसली गाडी आज बाजारात शोधूनही सापडत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तरी क्लासच्या बाहेर संध्याकाळी लागलेल्या स्कूटरच्या रांगा सगळ्यांना दिसतात. पालकांना दटावणं सोपं आहे. क्लास सुटल्यावर घरी जायला खात्रीची बस आहे का, हे विचारणं अडचणीचं.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला. चांगले गुण असूनही अनेक मुली तुलनेने खालच्या दर्जाचं कॉलेज निवडतात, कारण तिकडे जाणारा रस्ता त्यांना सुरक्षित वाटतो, असं त्यातून पुढे आलं. मुलगे अशी तडजोड फारशी करत नाहीत. पुण्यात वेगळं काही घडत असेल असं मानायला जागा नाही. संध्याकाळी साडेसहाच्या गाडीचा भरवसा नसेल, तर घरात निर्णय होतो: जवळचंच कॉलेज बघू. पीएमपीने मार्च २०१८ मध्ये महिलांसाठी 'तेजस्विनी' गाड्या सुरू केल्या, ते चांगलंच झालं. पण खास गाडीपेक्षाही ठरल्या वेळी येणारी साधी गाडी जास्त मुलींच्या उपयोगी पडते.

पीएमपीची बाजूही बघायला हवी. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ साली ही कंपनी झाली. तिची तूट दोन महापालिका ६०:४० या प्रमाणात भरून देतात आणि दर वर्षी त्यावरून सभागृहात सुनावतातही. शहरी बससेवेसाठी केंद्राने घालून दिलेल्या निकषांत उत्तम सेवा म्हणजे हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६०. दोन्ही शहरांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्याच साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या घरात होती. त्या जुन्या आकड्यालाही २९०० बस लागतात, आणि पीएमपीचा ताफा गेली काही वर्षं दोन हजारांच्या आसपास रेंगाळतो आहे. त्यातल्या सगळ्या रोज रस्त्यावर येत नाहीत. गाड्या कमी, रस्ते तुंबलेले, निम्मा ताफा ठेकेदारांचा. अशा वेळी आगाराच्या अधिकाऱ्याला रोज सकाळी ठरवावं लागतं, की कोणती फेरी काढायची आणि कोणती सोडायची.

कळीचा मुद्दा इथेच आहे. सोडायची फेरी ठरते ती उत्पन्नावरून. प्रतिकिलोमीटर कमाई कमी, तो मार्ग तोट्यातला. तोट्यातला म्हणून त्याच्या फेऱ्या आधी जातात. पासधारक विद्यार्थ्यांनी भरलेली गाडी तिकिटाच्या यंत्रात जवळजवळ रिकामी दिसते. पुणे महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना मोफत पास मिळतो, खासगी शाळांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांना ७५ टक्के सवलत. ते पैसे महापालिका देते, पण ते त्या अमुक मार्गाच्या खात्यावर चढलेले दिसत नाहीत. मेट्रोला जोडणाऱ्या बसचीही हीच गत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावली, सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोचली. उपनगरातल्या बसने स्वारगेटला येऊन पुढे मेट्रो धरणाऱ्याचं तिकीट मेट्रोच्या यशात मोजलं जातं आणि बसच्या तोट्यात. विहिरीला पाणी आणणारा झरा कोरडा ठरवायचा आणि विहीर भरली म्हणून आरती ओवाळायची, असा हा प्रकार.

याचा शेवट कसा होतो तेही पुणे जिल्ह्याने पाहिलं आहे. एसटी कर्मचाऱ्यांच्या लांबलेल्या संपाच्या काळात पीएमपी ग्रामीण भागात पोचली. गावोगावच्या मुलांना शहरातलं कॉलेज जवळ आलं. पुढे २०२२ च्या अखेरीस त्यातले बरेच मार्ग तोट्याचं कारण देऊन बंद झाले. पीएमपीच्या वहीत बचत दिसली. त्या मुलांच्या वहीत काय लिहिलं गेलं, ते बघायला कोणी गेलं नाही.

दर वाढवले की सेवा सुधारते, असं एक उत्तर असतं. दर कमी केले की प्रवासी वाढतात, असं दुसरं. मुंबईने दोन्ही करून पाहिलं. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं आणि प्रवासी झपाट्याने परतले. पण गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. एकेकाळी चार हजारांहून जास्त असलेला ताफा घसरत तीन हजारांच्या खाली आला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. स्वस्त तिकिटाने माणसं थांब्यावर आणली, पण त्यांना घेऊन जायला बस कमी पडली. नाशिकमध्ये २०२१ साली महापालिकेने थाटात सिटीलिंक बससेवा सुरू केली. तिथे ठेकेदाराकडच्या वाहकांनी थकलेल्या पगारासाठी वारंवार काम बंद केलं आणि त्या त्या दिवशी शहर पायी चाललं. दर, रंग, वातानुकूलन, ॲप या सगळ्यांच्या आधी एकच गोष्ट येते: छापलेली फेरी धावली पाहिजे.

म्हणून मागणी छोटी आणि नेमकी असावी. दोन हजार नव्या बस येतील तेव्हा येवोत. आज आहेत त्या गाड्यांत पीएमपीने प्रत्येक मार्गावरच्या शाळेच्या वेळेच्या फेऱ्या निश्चित कराव्यात आणि त्या कोणत्याही परिस्थितीत रद्द होणार नाहीत असं जाहीर करावं. सकाळी साडेसहा ते साडेसात, दुपारी साडेअकरा ते दीड, संध्याकाळी पाच ते साडेसहा. एका मार्गावर अशा पाच-सहा फेऱ्या निघतील. गाडी बिघडली तर आगारातली राखीव गाडी आधी या फेरीला जाईल. चालक रजेवर असेल तर बदली चालक आधी इथे. आणि इतकं करूनही फेरी रद्द झालीच, तर ती रद्द झाल्याचं मोबाइलवर आणि थांब्यावर वेळेआधी कळेल. पीएमपीच्या ॲपवर धावणारी बस कुठे आहे ते दिसण्याची सोय झाली आहे. न धावणारी बस दिसण्याची सोय त्याहून गरजेची.

हे परदेशी स्वप्नरंजन नाही, तरी एक उदाहरण देण्याजोगं आहे. लंडनमध्ये सहाशेच्या मालिकेतले बसक्रमांक खास शाळांच्या मार्गांचे असतात. ते शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेलाच धावतात; पण ती 'स्कूल बस' नसते, थांब्यावरचा कोणीही माणूस चढू शकतो. वेगळी यंत्रणा नाही, वेगळा ताफा नाही. नेहमीच्याच सेवेत शाळेच्या वेळेला ठरवून दिलेलं स्थान आहे.

दुसरी गोष्ट, शाळा आणि आगार यांनी वर्षातून एकदा तरी समोरासमोर बसावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं ठरवलं. मुलांची झोप व्हावी हा हेतू रास्तच. पण त्यामुळे लहान मुलांचा प्रवास नेमका कार्यालयांच्या गर्दीत जाऊन पडला आणि स्कूल बसवाल्यांनी ही अडचण बोलूनही दाखवली. शाळेची वेळ शिक्षण खात्याने ठरवायची, बसची वेळ पीएमपीने आणि दोघांच्या मधला अर्धा तास मुलाने उन्हात काढायचा, ही पद्धत बदलता येण्यासारखी आहे. मे महिन्यात प्रत्येक आगाराने आपल्या हद्दीतल्या मुख्याध्यापकांना बोलावून भरण्या-सुटण्याच्या वेळा लिहून घेतल्या तरी निम्मं काम होईल.

असं होऊ शकतं, हे एसटीने दाखवलं आहे. एसटीत विद्यार्थ्यांना पासात ६६ टक्क्यांहून अधिक सवलत आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. पण पासासाठी शाळा बुडवून आगारात रांग लावावी लागायची. जून २०२५ पासून एसटीने पास थेट शाळेत देण्याची मोहीम सुरू केली. त्यासाठी नवी इमारत लागली नाही की नवी गाडी. कर्मचारी शाळेत गेले, एवढंच.

वाहतूक कोंडीत वेळ पाळणं अशक्य आहे, हा आक्षेप येणारच. तो खराही आहे. पण बसला मोकळी वाट देणं हा राजकीय निर्णय असतो आणि पुण्याने तो वारंवार उलटा घेतला. २००६-०७ मध्ये देशात सर्वांआधी बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, प्रयोग करणाऱ्या या शहराने २०२३ मध्ये नगर रस्त्यावरचा बीआरटीचा मार्ग काढायला घेतला. मोटारींना एक मार्गिका जास्त मिळाली, कोंडी होती तिथेच राहिली आणि बस त्या कोंडीत सामील झाली. शिवाय कोंडीमुळे बस उशिरा येणं वेगळं आणि बस आगारातून सुटलीच नाही हे वेगळं. पहिल्याचा दोष रस्त्यावर टाकता येईल, दुसऱ्याचा नाही.

पीएमपीने दर महिन्याला एक तक्ता जाहीर करावा: मार्ग क्रमांक, ठरलेल्या फेऱ्या, धावलेल्या फेऱ्या, रद्द फेऱ्या, रद्द होण्याचं कारण. दोन्ही महापालिकांनी तुटीचे पैसे देताना उत्पन्नाइतकाच हा तक्ताही बघावा, आणि ठेकेदाराची बिलं मंजूर करताना रद्द फेऱ्यांचा दंड कागदावर न ठेवता वसूल करावा. पालकांनीही नुसतं चरफडत रिक्षा धरण्यापेक्षा मार्ग, थांबा आणि वेळ लिहून तक्रार नोंदवावी. शाळेच्या पालक सभेत गणवेश आणि सहलीबरोबर बसचा विषय घ्यावा आणि मुख्याध्यापकांच्या सहीने ते पत्र आगाराला द्यावं. एका पालकाच्या तक्रारीला उत्तर मिळेलच असं नाही, शंभर पालकांच्या पत्राला द्यावं लागतं. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. रद्द न होणाऱ्या फेऱ्यांची यादी त्याआधी प्रत्येक थांब्यावर लागली पाहिजे.